पिकअप दिला की टिकटिक: गाडीचा आवाज नेमका कुठून येतोय?

(भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले शंभर वेळा ‘म्हणजे’ आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी बोललो तसंच.)

आज आधी एक आवाज ऐका. हेडफोन असतील तर लावा.

[आवाज: गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, हलका चढ. टिक्-टिक्-टिक्-टिक्. मग ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर एकदम शांत.]

जे वाचताय त्यांच्यासाठी: शेजारच्या खोलीत कुणीतरी शिलाई मशीन चालवतंय, असा हा आवाज. पिकअप दिला की सुरू, पाय काढला की गायब. ही आमच्या घरची गाडी. जुनी, चार सिलिंडरची, पेट्रोलवरची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हा आवाज कुठल्याही कंपनीच्या गाडीत येऊ शकतो आणि कमेंटमध्ये भांडणं नकोत.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीची. मी पुण्याहून जानेफळला घरी गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जानेफळ म्हणजे बुलढाणा जिल्हा, मेहकर तालुका. बॅग ठेवली नाही तोच बाबा म्हणाले, “गाडी वाजून राहिली. पिकअप देलं की टिकटिक करते. ॲव्हरेजही कमी झालं.” त्यांनी गाडी आधीच तालुक्याच्या एका गॅरेजला दाखवली होती. तिथे अर्धा मिनिट ऐकून सांगितलं होतं की इंजिन आतून वाजतंय, खोलावं लागेल, चाळीस हजार धरून चला.

चाळीस हजार म्हणजे आमच्याकडे काय, ते सांगतो. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. त्या भावानेही हे आठ क्विंटलच्या वर सोयाबीन झालं. आणि बाजारात भाव त्याहून कमीच मिळत होता. म्हणजे बाबांच्या डोक्यात गाडीचं इंजिन नव्हतं, अख्खा एक तुकडा शेत होता.

त्यात दोन दिवसांनी आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, छत्रपती संभाजीनगरला हृदयाच्या तपासणीला न्यायचं होतं. मेहकरजवळ समृद्धी महामार्गावर चढायचं आणि सरळ जायचं. पण या गाडीने जायचं का? आबा बाजेवरून म्हणाले, “मले काही नाही झालं. त्या गाडीलेच आधी डॉक्टरकडे न्या.”

मी काय केलं? जे आपण सगळे करतो तेच. रात्री फोनवर तीन व्हिडिओ बघितले आणि छाती फुगवून जाहीर केलं, “बाबा, टॅपेट आहे. जुन्या गाड्यांचं वाजतंच. काही होत नाही, चला.”

हे चूक होतं. आणि गॅरेजच्या चाळीस हजारांपेक्षा माझी चूक जास्त धोक्याची होती. का, ते पुढे येईलच.

ऑफिसमध्ये माझं काम सॉफ्टवेअरचं. तिथे कुणी येऊन म्हणालं की “ॲप नीट चालत नाहीये”, तर मी कोड उघडत नाही. आधी विचारतो: कधी? कुठल्या फोनवर? काय केल्यावर? दरवेळी होतं का? बिघाड आधी आपल्या हाताने पुन्हा घडवून आणायचा, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गाडीच्या बाबतीत मात्र मी, बीटेक झालेला माणूस, थेट “आवाज कशासारखा आहे” इथे उडी मारली. टिकटिक, टकटक, कटकट, खडखड हे शब्द फार फसवे आहेत. तुमची टिकटिक ही माझी टकटक असू शकते. आवाज कशासारखा आहे यापेक्षा तो कशाबरोबर बदलतो, हा प्रश्न कामाचा.

आणि बदलायला गोष्टी असतात चारच. गाडीचा वेग. इंजिनचे फेरे, म्हणजे आरपीएम. इंजिनवरचा भार, म्हणजे तुम्ही पाय किती दाबलाय. आणि इंजिन थंड आहे की गरम. पिकअप देताना या सगळ्या एकदम बदलतात, तिथेच गोंधळ होतो. “पिकअप दिला की वाजतं” हे वाक्य खरं तर चार वेगवेगळी वाक्यं आहेत.

पहिली चाचणी एकदम सोपी. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला, मोकळ्या जागेत. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, हे आत्ताच सांगून ठेवतो. हळूहळू रेस करा. टिकटिक आली, तर चाकं आणि एक्सल यांची सुटका झाली. नाही आली, तर लगेच इंजिनला क्लीन चिट देऊ नका, कारण उभ्या गाडीत इंजिनवर भार जवळजवळ नसतो. आमच्या गाडीत न्यूट्रलला अगदी पुसट काहीतरी येत होतं. येतंय म्हटलं तर येतंय.

म्हणून दुसरी चाचणी. हिच्या मी प्रेमात आहे, कारण हिला फक्त एक मोकळा रस्ता आणि एक फोन लागतो. वेग तोच ठेवायचा, गिअर बदलायचा. सकाळी साडेसहाला बाबा गाडी चालवत होते आणि मी शेजारी बसून फोनवर रेकॉर्ड करत होतो. गाडी चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, प्लीज. आधी ताशी ३० किलोमीटर, दुसऱ्या गिअरमध्ये. मग तेच ३०, तिसऱ्या गिअरमध्ये.

आता थोडं गणित, पळू नका. आमच्या गाडीच्या टायरचा घेर साधारण १.८ मीटर. ताशी ३० म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. भागा. चाक सेकंदाला साडेचार ते पाच फेरे मारतं. टायरच्या खाचेत खडा अडकला असेल, खिळा घुसला असेल, तर टिक सेकंदाला साडेचार-पाच वेळा येणार, गिअर कुठलाही असो. इंजिनचं तसं नाही. गिअर बदलला की त्याच वेगाला फेरे बदलतात.

घरी येऊन रेकॉर्डिंग लॅपटॉपवर टाकलं. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाजाची रेघ दिसते आणि टिक म्हणजे त्यातला बारीक उभा काटा. लॅपटॉप नसेल तर फोनमध्येच पाव वेगाने वाजवा आणि मोजा. एक सूचना: काही फोन माणसाचं बोलणं ठेवून बाकी आवाज कचरा समजून दाबतात, आणि नेमकी आपली टिकटिकच गायब होते. व्हिडिओ काढून त्यातला आवाज घेतला तर बऱ्याचदा बरा मिळतो.

मोजलं तर दुसऱ्या गिअरमध्ये सेकंदाला सतरा-अठरा टिक, तिसऱ्यात बारा. वेग तोच, टिक वेगळ्या. म्हणजे चाक नाही, एक्सल नाही, टायर नाही. इंजिन.

आणि त्या बारामध्ये अजून एक गंमत लपली होती. आपल्या गाड्यांची इंजिनं चार स्ट्रोकची. एका सिलिंडरचं पूर्ण चक्र, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं, व्हायला क्रँकचे दोन फेरे लागतात. त्यामुळे एका सिलिंडरमध्ये एक वाल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. सेकंदाला बारा टिक, गुणिले दोन, गुणिले साठ: १,४४० आरपीएम. आणि तिसऱ्या गिअरमध्ये मीटरचा काटा चौदाशेच्या जरा पुढेच होता. म्हणजे कुठल्या तरी एकाच सिलिंडरमध्ये, दोन फेऱ्यांत एकदा घडणारी एखादी गोष्ट टिक करत होती. हे कळलं तेव्हा मी अंगणात अक्षरशः नाचलो. आई म्हणाली, “गाडी नीट झाली का?” म्हटलं नाही.

पण यात माझा टॅपेटचा सिद्धांत एकदम फिट बसला होता. टॅपेट म्हणजे काय, तर इंजिनच्या डोक्यात कॅम वाल्व्हला ढकलतो, आणि त्या दोघांमध्ये मुद्दाम एक बारीक फट ठेवलेली असते, गरम झाल्यावर धातू फुगतो म्हणून. बऱ्याच गाड्यांत ती हाताने सेट करावी लागते. फट वाढली की दरवेळी धातू धातूवर आपटतो. दोन फेऱ्यांत एकदा. तंतोतंत. मी दुसऱ्यांदा जाहीर करणार होतो की टॅपेट आहे.

तेवढ्यात सुरुवातीला ऐकवलेली क्लिप पुन्हा ऐकली. पाय काढला की गायब.

बघा, तिसऱ्या गिअरमध्ये असताना पाय काढला तर इंजिनचे फेरे त्या क्षणी तेवढेच असतात. चाकंच इंजिनला फिरवत असतात. कॅम फिरतोय, वाल्व्ह उघडतोय, फट आहे तिथेच आहे. मग टॅपेटचा आवाज एकदम बंद कसा होईल? तो थोडा कमी-जास्त होईल, पण स्विच दाबल्यासारखा जाणार नाही. पाय काढल्यावर बदलली फक्त एक गोष्ट: सिलिंडरमध्ये जाणारं हवा-पेट्रोल कमी झालं, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या धुराचा जोर कमी झाला. म्हणजे आवाज आपटण्याचा नव्हता, निसटण्याचा होता.

दुसरा पुरावा बाबांकडे आधीपासून होता, मी विचारलंच नव्हतं. “सकाळी जास्त वाजते. दहा-पंधरा मिनिटं चालली की कमी होते.”

आता जोडा. एका सिलिंडरमधून, भार आला की, आणि थंड असताना जास्त. इंजिनमधून धूर ज्या लोखंडी फाट्यांमधून सायलेन्सरकडे जातो त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो इंजिनला नट-स्टडने आवळलेला असतो आणि मध्ये एक पॅकिंग असतं. पॅकिंग जळालं किंवा एखादा स्टड तुटला, की त्या सिलिंडरचा धूर दरवेळी बारीक फटीतून फट्‌कन निसटतो. लांबून तेच टिक वाटतं. मॅनिफोल्ड तापला की फुगतो, फट थोडी मिटते, आवाज कमी होतो. एक भाऊबंद कारणही आहे, ढिला राहिलेला स्पार्क प्लग. तोही असाच फुसफुसतो. तो आधी बघून घ्यावा, कारण प्लगच्या पान्याने दोन मिनिटांत कळतं. आमचा प्लग घट्ट होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर थंड असताना, गावातल्याच एका मेकॅनिक दादाला घरी बोलावलं. त्याला मी माझे आलेख दाखवले. त्याने नम्रपणे मान हलवली आणि खिशातून हातभर रबरी नळी काढली. एक टोक कानाला, दुसरं मॅनिफोल्डच्या आसपास फिरवत गेला. (फ्रान्समध्ये १८१६ मध्ये लॅनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरनळी करून रुग्णाच्या छातीला लावली, तोच स्टेथोस्कोपचा जन्म. आपले मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून तेच करतात. फक्त फिरत्या बेल्ट-पंख्यापासून नळी, ओढणी, मफलर सगळं लांब ठेवा.) तिसऱ्या सिलिंडरपाशी तो थांबला. मग मला म्हणाला, “सायलेन्सरच्या तोंडाशी ओलं फडकं धरा, एकच क्षण.” धरलं. धुराची बाहेरची वाट अडली तशी टिकटिक मोठी झाली. इंजिन बंद करून वरचा पत्रा काढला. तिसऱ्या फाट्यापाशी काजळीचा काळा पंखा उमटला होता. एक स्टड तुटलेला.

“भाऊ, याचं पॅकिंग गेलं. इंजिन चांगलं हाये.”

पॅकिंग, स्टड, मजुरी मिळून अकराशे रुपये. तुटलेला स्टड काढताना दादाला घाम फुटला, तेच खरं काम होतं. तो आत मोडला असता तर खर्च वाढला असता.

आता माझ्या चुकीकडे येतो. “काही होत नाही, चला” असं मी म्हणालो होतो. मॅनिफोल्डमधून निसटणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रंग नाही, वास नाही. गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याचा बराचसा भाग जाळून टाकतो, पण ही गळती कन्व्हर्टरच्या आधी होती. म्हणजे न गाळलेला धूर बॉनेटखाली. आणि गाडीच्या आत येणारी ताजी हवा समोरच्या काचेच्या खालून, म्हणजे बॉनेटच्या अगदी शेजारून आत घेतली जाते. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ओढीने या वायूला धरून ठेवतं. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि आपण म्हणतो प्रवासाचा शीण. हृदयाच्या रुग्णाला याचा त्रास धडधाकट माणसापेक्षा आधी होतो. नोव्हेंबरची थंड सकाळ, काचा बंद, मागच्या सीटवर आबा, आणि दीडशे किलोमीटरहून जास्त रस्ता. त्या दिवशी काही झालंच असतं असं मी म्हणत नाही. पण मी अकराशे रुपयांची गोष्ट शून्य रुपयांची समजलो होतो.

ॲव्हरेजचा उलगडाही इथेच झाला. धुराचा एक झोत गेला की मागे क्षणभर दाब कमी होतो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसवलेला ऑक्सिजन सेन्सर ती हवा बघून समजतो की पेट्रोल कमी पडतंय, आणि गाडीचा कॉम्प्युटर बिचारा प्रामाणिकपणे पेट्रोल वाढवतो. चुकीचा इनपुट, बरोबर कोड. ऑफिसात रोज बघतो हे.

आता तुमच्या गाडीकडे. तुमचा आवाज आमच्यासारखाच असेल असं नाही, म्हणून बाकीचे संशयित पटापट.

आवाज वेगाबरोबर बदलतो, गिअरशी संबंध नाही: आधी थांबून चाकाचे नट तपासा. बाकी सगळं नंतर. ढिला नट हा चेष्टेचा विषय नाही. मग टायरमध्ये खडा किंवा खिळा बघा. खिळा दिसला तर रस्त्यात उपटू नका, पंक्चरवाल्यापर्यंत तसाच न्या. पूर्ण स्टिअरिंग कापून पिकअप देताना कटकट येत असेल, तर एक्सलच्या जॉइंटवरचं रबर फाटून ग्रीस बाहेर आलंय का, ते चाकाच्या आतल्या बाजूने वाकून बघा. रबर वेळेत बदललं तर जॉइंट वाचतो.

चढावर मोठ्या गिअरमध्ये, समजा राजूर घाटात चौथ्या गिअरला गाडी रेटताय आणि डब्यात गोट्या हलवल्यासारखी खडखड येतेय: ते नॉकिंग. ठिणगी पडल्यावर आग पसरत जायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. लगेच गिअर उतरवा. वारंवार होत असेल तर दाखवा. या आवाजाचा इतिहास मोठा आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना तो थांबवायला पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालण्याचा उपाय सापडला, आणि ते विषारी शिसं आपल्या देशातल्या पेट्रोलमधून पूर्ण जायला २००० साल उजाडलं. त्यावर वेगळा भाग करू.

जड, खोल, हाडात जाणवेल असा ठक-ठक, आणि त्यात डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा: इंजिन बंद. तिथेच. “गावापर्यंत नेतो” नाही. ते बेअरिंग असू शकतं, आणि तिथे चाळीस हजारही कमी पडतात. आमच्या गॅरेजवाल्याने हेच ऐकलंय असं समजून आकडा सांगितला होता. भीती खोटी नव्हती, तपासणी अर्धी होती. म्हणून कुठल्याही टिकटिकीत पहिलं काम म्हणजे सपाट जागी गाडी लावून ऑइलची पट्टी काढून बघणं. ते फुकट आहे.

बाईकवाले, तुम्हाला विसरलो नाही, तुम्हीच जास्त आहात. १००-१२५ सीसीच्या बाईकमध्ये टॅपेट खरंच बऱ्याचदा असतं. ती फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून कमी असते, गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो. थंड इंजिनवर, फिलर गेज घालून सेट करायची असते, “कानाने” नाही. आणि आवाज पूर्ण बंद व्हावा म्हणून फट जास्त घट्ट करायला सांगू नका. मग वाल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. थोडी टिकटिक करणारं टॅपेट बरं. त्याखेरीज ढिली चेन कव्हरला घासते, तो आवाजही पिकअपलाच येतो. आणि सायलेन्सर जिथे इंजिनला जोडलेला असतो तिथलं पॅकिंग बाईकमध्येही जातं. लक्षण तेच: थंड असताना, भारावर, टिकटिक.

आवाज पाठवणार असाल तर नुसती क्लिप पाठवू नका. मागच्या भागानंतर अकरा जणांनी फक्त “भाऊ हे काय आहे” लिहून पाठवलं. सोबत एवढं लिहा: कुठली गाडी, किती किलोमीटर झालेत, थंड होती की गरम, कुठला गिअर, किती वेग, आणि पाय काढल्यावर काय होतं.

आबांची तपासणी त्याच आठवड्यात झाली, त्याच गाडीने. मेहकरच्या पुढे समृद्धीवर गाडी लागली आणि पंधरा मिनिटांत ते मागे झोपले. मी दोनदा मागे वळून बघितलं, आणि काच दोन बोटं खाली घेतली.